बाहेरचा खजिना

साराबुरी सोडून हायवे २१ ला लागलो आणि थोड्याच वेळात पुढे उसाचा ट्रक आला. ट्रक कसला, चालती गंजीच. मागे लाल फडकं, पाचटाचे तुकडे उडून आमच्या काचेवर. पुढे काढायची सोय नाही, कारण त्याच्या पुढे आणखी दोन. नवरा फलटणचा. सहा वर्षं बँकॉकमध्ये राहून या देशाविषयी त्याच्या तोंडून फारसा चांगला शब्द निघाला नव्हता, तो त्या दिवशी निघाला. "आता कसं, माणसांत आल्यासारखं वाटतंय," म्हणाला आणि आरामात उसाच्या मागे गाडी चालवत राहिला.

आम्ही निघालो होतो फेचाबून प्रांतातल्या सी थेपला. बँकॉकपासून साधारण अडीचशे किलोमीटर, उत्तरेला. निमित्त माझ्या बाबांचं. १९ सप्टेंबर २०२३ ला रियाधच्या बैठकीत युनेस्कोनं सी थेपचं प्राचीन नगर जागतिक वारशाच्या यादीत घातलं. थायलंडला याचं केवढं कौतुक! सुखोथाई आणि अयुथया १९९१ साली यादीत गेले, बान चियांग १९९२ साली, आणि त्यानंतर एकतीस वर्षं एकही सांस्कृतिक स्थळ नाही. बाबांनी ही बातमी कुठून तरी मिळवली आणि मला पाठवली. खाली एकच ओळ: "ह्यो आपलो श्रीदेव थंय कसो पोचलो?"

मालवण तालुक्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. आमच्याकडे देव नुसता देव नसतो, तो श्री देव असतो. श्री देव रामेश्वर, श्री देव रवळनाथ, श्री देव कुणकेश्वर. लग्नपत्रिकेवर तसं, देवळाच्या पावतीवर तसं, जत्रेच्या बॅनरवरही तसंच.

बाबांचा अंदाज चुकीचा नव्हता. थाई लिपीत या गावाचं नाव लिहिताना पहिलं अक्षर आपल्या 'श'च्या जागचं येतं, मग 'र', मग दीर्घ ईकार. श, ष, स ही तिन्ही अक्षरं त्यांनी लिपीत जपून ठेवलीत, पण उच्चार तिघांचा एकच, 'स'. 'र' लिहितात आणि गिळतात. 'थेप'मधली दोन अक्षरं त्यांच्या वर्णमालेत 'द' आणि 'ब'च्या जागी बसतात. थोडक्यात, लिहायचं श्रीदेब आणि वाचायचं सी थेप. ज्या शहराला आपण बँकॉक म्हणतो त्याला थाई माणूस क्रुङ थेप म्हणतो, त्यातला थेपही हाच. फेचाबूनमधला 'फेच' म्हणजे वज्र आणि 'बून' म्हणजे पूर्ण.

हा नाद वाईट. नवी नवी इथे आले तेव्हा मी रस्त्यावरची प्रत्येक पाटी अशी सोलून काढायचे. टेलिफोनला 'थोरसप', म्हणजे दूर-शब्द. सरकारला 'रत्थबान', म्हणजे राष्ट्रपाल. विद्यालयाला 'वित्थयालय'. दर शोधागणिक छाती इंचभर फुगायची, आणि मग कौटुंबिक ग्रुपवर टाकलं की नागपूरच्या मावससासऱ्यांपासून डोंबिवलीच्या भाच्यापर्यंत सगळ्यांच्या छात्या फुगायच्या. "बघा, सगळीकडे आपलेच!" सी थेपला निघतानाही पिशवीत पाण्याच्या बाटल्यांबरोबर ही फुगलेली छाती होतीच. खोटं कशाला बोलायचं.

हे गाव हरवलं होतं आणि सापडलं ते कुदळीनं नाही, कागदानं. मी हिशेब तपासणारी बाई. जुन्या फायलीत एखादा आकडा कुठे जुळत नाही म्हणून दोन-दोन दिवस बसणारी. त्यामुळे मला ही गोष्ट फार आवडते. राजपुत्र दामरोंग हा राजा चुलालोंगकोर्नचा सावत्र भाऊ आणि १८९२ पासून सयामचा, म्हणजे जुन्या थायलंडचा, गृहमंत्री. त्याला जुन्या नगरांच्या एका यादीत 'सी थेप' हे नाव दिसलं. हे गाव कुठे म्हणून विचारलं, तर कोणालाच माहीत नाही. पुढे त्याच्या हाती जुन्या सरकारी हुकुमाचा एक कच्चा मसुदा लागला. राजाची कारकीर्द संपली ही वर्दी घेऊन कोणत्या जासुदानं कोणत्या वाटेनं जायचं, याची ती नोंद. एका वाटेवर गावांचा क्रम होता साराबुरी, चाय बादान, सी थेप, फेचाबून. म्हणजे गाव पासाक नदीच्या खोऱ्यात असणार! यादीतलं एक पोरकं नाव आणि मसुद्यातली एक ओळ, दोन्ही एकमेकांशेजारी ठेवली आणि हिशेब लागला.

१९०४ साली तो फेचाबूनच्या दौऱ्यावर निघाला. त्या काळी फेचाबूनचा ताप कुप्रसिद्ध होता; तिकडे बदली झाली की माणूस घरच्यांचा निरोप घेऊन निघायचा. वाटेत विचियनबुरीला चौकशी केल्यावर कळलं की या गावाचंच जुनं नाव सी थेप. आणि जुनी पडकी वस्ती? ती आहे, रानात, तिला आम्ही अभयसाली म्हणतो. दामरोंग गेला आणि त्यानं पाहिलं. मातीचा तट, खंदक, विटांची देवळं, मोडलेल्या मूर्ती, आणि सगळ्यांवर झाडी. विचियनबुरीनं सोडून दिलेलं नाव त्या रानातल्या पडक्या वस्तीला चिकटलं ते कायमचं.

आज तिथे झाडी आहे, पण झाडून काढलेल्या अंगणासारखी. आपली गाडी बाहेर लावायची आणि बागेतल्या गाडीत बसून आत जायचं. आत शिरण्याआधी मात्र नवऱ्याला मी थांबवलं, कारण वाटेवर एक ठाणं होतं.

चाओ फो सी थेपचं ठाणं. 'चाओ' म्हणजे मालक, 'फो' म्हणजे बाप. समोर झेंडूच्या माळा, उदबत्त्यांची राख, लाकडी हत्तींची पलटण, आणि एका रांगेत लाल फँटाच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीचं बूच काढलेलं, प्रत्येकीत स्ट्रॉ. मालक उन्हातान्हात राखण करतो, त्याला तहान लागते, झाकण काढायची तसदी त्याला कशाला? एका बाटलीत मुंग्या गेल्या होत्या आणि स्ट्रॉच्या टोकाला एक फुलपाखरू चिकटून बसलं होतं. ते निवांत पीत होतं.

मी तिथे उभी राहिले आणि का कोण जाणे, ओठांवर आलं, "बा देवा म्हाराजा." आमच्या गावच्या वेशीवर राखणदाराची जागा आहे. दगड आहे नुसता, मूर्ती नाही. त्याला नारळ, रोट आणि विडी. शेत लावायच्या आधी, बोअर मारायच्या आधी, मुलगा दुबईला जायच्या आधी त्याला गाऱ्हाणं घालतात. एक जण बोलतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्या राखणदाराचं पुराण कोणाला ठाऊक नाही, तो कोणाचा अवतार तेही नाही. तो या मातीचा, बस्स.

ठाण्याशेजारी चिंचा विकणारी एक बाई बसली होती, साठी ओलांडलेली. इथे अशा बाईला 'पा' म्हणायचं, म्हणजे आईबापांहून मोठी मावशी किंवा आत्या. फेचाबूनची चिंच गोड म्हणून थायलंडभर प्रसिद्ध आहे. तिनं एक शेंग फोडून हातावर ठेवली. खजुरासारखी गोड, आंबटपणा नावालाच. मोडक्यातोडक्या थाईत मी विचारलं की मालक ऐकतो का? ती म्हणाली, "ऐकतो. पण फेडता येईल तेवढंच मागायचं." थाईत नवस बोलण्याला 'बोन' आणि फेडण्याला वेगळा शब्द, 'कॅ बोन'. तिच्या सुनेला मूल व्हावं म्हणून तिनं बोललं होतं, झालं, आणि तिनं डुकराचं डोकं दिलं. मोठी पूजा कधी असते विचारलं तर म्हणाली, तिसऱ्या चांद्रमासात, चढत्या चंद्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मी बोटांवर मोजलं. त्यांचा तिसरा महिना म्हणजे आपला माघ; त्याच महिन्याच्या पौर्णिमेला हे लोक 'माखबूचा' करतात, म्हणजे माघपूजा. तर श्रीदेवाची जत्रा माघ शुद्ध द्वितीया-तृतीयेला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे माघी गणपती!

मग तिनं मला विचारलं, "खेक का?"

हा शब्द इथे आलेल्या प्रत्येक भारतीयाला एकदा तरी टोचतो. थाई माणूस भारतीयाला 'खेक' म्हणतो. कधी त्यात तुच्छता असते, कधी नसते. तिच्या बोलण्यात नव्हती. शब्दाचा मूळ अर्थ मात्र साधा आहे: पाहुणा. म्हटलं, हो, खेक. आणि किलोभर चिंच घेतली.

आत गेल्यावर आधी खड्डा बघितला. छपराखाली उत्खननाचा चर तसाच ठेवलाय, हाडं जागच्या जागी. एक हत्तीचा सांगाडा, पसरलेला, एवढा मोठा की आधी झाडाचं खोड वाटलं. आणि माणसांची दफनं. देवळं, खंदक, राजे यायच्या आधीची, इतिहासपूर्व काळातली माणसं. नवरा कठड्यावरून वाकून चराच्या भिंतीतले थर बघत होता. राखाडी, भुरा, पुन्हा राखाडी. "पांढर आहे ही," म्हणाला. देशावर गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळीत पिकं, पांढरीत घरं. पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख, शेण, पडक्या भिंती साठून जी भुरकट माती होते ती पांढर, आणि तिथे नांगर लागला की खापरं निघतात. फलटणच्या माणसाला पुरातत्त्व शिकवावं लागत नाही.

या खड्ड्याचं महत्त्व मला घरी परत आल्यावर, वाचताना कळलं. १९३० च्या दशकात क्वॉरिच वेल्स नावाचा इंग्रज अभ्यासक इथे आला होता. त्या काळचा पगडा असा की आग्नेय आशियातली ही जुनी नगरं भारतातून आलेल्या लोकांनी वसवली, म्हणजे त्या भारतीय वसाहती. वेल्सचं मतही त्याच बाजूचं. इंग्रजांना वसाहतीशिवाय इतिहास सुचत नव्हता हे समजण्यासारखं आहे. पण आपल्याकडेही ही कल्पना फार गोड लागली. १९२६ साली कलकत्त्यात 'ग्रेटर इंडिया सोसायटी' स्थापन झाली, 'बृहत्तर भारत' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. गुलामीत असलेल्या माणसाला आपलीही कुठे तरी वसाहत होती हे ऐकून बरं वाटणारच. पण आज आम्हाला ते बरं का वाटतं, हा प्रश्न मला त्या खड्ड्यानं विचारला. कारण तिथे पडलेली माणसं पाहुण्यांच्या आधीची. गाव त्यांचं, नदी त्यांची. मध्य थायलंडची सखल भातजमीन आणि पूर्वेचं खोराटचं पठार यांच्यामधल्या वाटेवर ते बसलेले होते. व्यापार आला, त्याबरोबर अक्षरं आली, देव आले, भिक्खू आले. घ्यायचं ते त्यांनी घेतलं.

इथल्याच बान वांग फायला एक शिलालेख मिळालाय. भाषा संस्कृत, अक्षरं दक्षिण भारतीय वळणाची, काळ सहाव्या-सातव्या शतकाच्या सांध्यावरचा. त्यात भववर्मा राजाचं नाव आहे, बापाचं नाव पृथिवींद्रवर्मा, आजोबाचा उल्लेख चक्रवर्ती. एवढी नावं ऐकली की मावससासरे लगेच तामिळनाडूतून जहाज सोडतील. पण नावावरून माणूस ओळखायचा तर आमच्या देवगडच्या हापूसचं काय करायचं? हापूस हे नाव आलं अफोन्सोवरून, कलमं बांधायची विद्या वाढवली पोर्तुगीजांनी. म्हणून देवगडचा आंबा पोर्तुगीज झाला, असं एखाद्या बागायतदारापुढे म्हणून बघा.

खड्ड्यापासून जवळच खाओ ख्लांग नाय. 'खाओ' म्हणजे डोंगर, 'ख्लांग' म्हणजे खजिना, 'नाय' म्हणजे आतला. आतला खजिन्याचा डोंगर. खरं तर तो बौद्ध चैत्याचा भलामोठा चौथरा आहे, पण लोकांनी वर्षानुवर्षं त्याच्यात सोनं कल्पिलं. त्याच्या पायाशी, चौथऱ्याच्या कडेनं चुन्याच्या गिलाव्यात घडवलेले बुटके आहेत. गुडघे फाकवलेले, पोट सुटलेलं, दोन्ही हात वर. आख्खी इमारत या पठ्ठ्यांच्या हातांवर. कोणाला माणसाचं तोंड, कोणाला सिंहाचं, कोणाला माकडाचं. आपल्याकडच्या जुन्या देवळांत खांबांच्या डोक्यावर असेच भार पेलणारे असतात, त्यांना आपण कीचक म्हणतो. पण आपल्या कीचकांच्या चेहऱ्यावर मला नेहमी सोसल्याचा भाव दिसतो. इथला एक जण मात्र चक्क हसत होता. तेरा-चौदाशे वर्षं डोक्यावर ओझं घेऊन, वरचा चैत्य ढासळून गेला तरी हा आपला हसतोय. त्याचा फोटो काढला तो आजही माझ्या फोनच्या पडद्यावर आहे.

पुढचे दोन प्रांग, म्हणजे उंच शिखरांची देवळं, पाहिले. सी थेपचा आणि 'सोंग फी नोंग', म्हणजे थोरला-धाकटा. एकाच चौथऱ्यावर एक मोठं शिखर, एक लहान. ही ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, वळणाची शैव देवळं अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराची, धाकट्याच्या दारावरच्या पट्टीवर नंदीवर बसलेले उमा-महेश्वर कोरलेले होते. देवळांची तोंडं पश्चिमेला. बघायला छान आहेत, पण असे प्रांग थायलंडात पुष्कळ आहेत आणि ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिलं तर ते माहितीफलकावरून उतरवलेलं असेल.

नगर मात्र नकाशात बघण्यासारखं. आतलं गाव जवळजवळ गोल, आरपार दीड किलोमीटर. त्याला पूर्वेकडून जोडलेलं बाहेरचं गाव, कोपरे गोलावलेल्या चौकोनासारखं. दोन्हीभोवती तट आणि खंदक. एकूण २८८९ राय जमीन. राय हे इथलं जमिनीचं माप, एक राय म्हणजे १६ गुंठ्यांच्या आसपास. नवऱ्यानं लगेच एकर काढले. साडेअकराशेच्या आसपास. "एवढ्यात अख्खा एक साखर कारखाना पोसला असता," म्हणाला.

आणि मग खाओ ख्लांग नोक. 'नोक' म्हणजे बाहेरचा. तटाबाहेर, उत्तरेला दोन-एक किलोमीटरवर. बाहेरचा खजिन्याचा डोंगर.

आमची गाडी वळली, झाडं संपली, आणि मी म्हटलं, "अरे, हा तर चिरा!"

जांभा! एवढा जांभा एका जागी मी कोकणातही पाहिलेला नाही. चौसष्ट मीटर लांब, तेवढाच रुंद चौथरा, आख्खा जांभ्याच्या चिऱ्यांचा. वर विटांच्या स्तूपाचा उरलेला गड्डा, सगळी मिळून उंची वीस मीटर. चारी बाजूंनी पायऱ्या, आणि भिंतींवर रांगेनं छोट्या छोट्या देवळांचे आकार बाहेर काढलेले, जणू इमारतीनं आपल्याच पिल्लांना अंगाशी घेतलंय. द्वारवती काळातला हा थायलंडमधला सगळ्यांत मोठा स्तूप मानतात, आठव्या-नवव्या शतकातला. आणि २००८ साली पुरातत्त्व खात्यानं खणायला घेईपर्यंत तो लोकांच्या लेखी झाडांनी भरलेला एक डोंगर होता.

द्वारवती हे नावही गमतीचं. या नावाचं राज्य असल्याचं चिनी प्रवाशांच्या लिखाणावरून ताडलं होतं, पण या मातीतला पुरावा मिळाला तो नाखोन पाथोममधल्या चांदीच्या नाण्यांवर: 'श्रीद्वारवतीश्वरपुण्य'. एवढीच अक्षरं. कृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली असं आपण म्हणतो. ही दुसरी भाताच्या खाचरांखाली गेली.

पण खरं सांगते, त्या वेळी मला द्वारवती आठवली नाही. मला आमची चिरेखाण आठवली. मी लहान असताना बाबांनी घर बांधायला घेतलं तेव्हा खाणीतून चिरे यायचे. खाणीतून नुकता निघालेला चिरा ओलसर आणि मऊ असतो, टिकावानं छिलता येतो, अंगठ्यानं दाबलं तर कडेचा कण निघतो. मग तो वारा खातो, ऊन खातो आणि वर्षभरात असा घट्ट होतो की छिन्नी उडते. म्हणून जांभ्यावर नक्षी फार बारीक करता येत नाही, त्याला भोकंच एवढी. आमच्याकडे म्हणून वरून गिलावा करतात. इथेही तेच केलं होतं. चिऱ्याचा सांगाडा, वर चुन्याचं कातडं, आणि आता कातडं गेलं तेव्हा सांगाडा दिसतोय. थाईत जांभ्याला 'सिला लेंग' म्हणतात, त्यातला सिला म्हणजे आपली शिला. तर सांगायचं म्हणजे, संस्कृत शिलालेखापुढे उभं राहून जे वाटायला हवं होतं असं ग्रुपवरच्या मंडळींना वाटतं, ते मला वाटलं चिऱ्यापुढे. आणि जांभा कोणी जहाजातून नेला नव्हता. पाऊस आणि ऊन दोन्ही भरपूर असले की जमीन आपसूक तसा दगड तयार करते. जमिनीचं जमिनीशी नातं, मधे कोणी पाहुणा नाही.

एक चिरा भिंतीपासून सुटून गवतात पडला होता. कोणी बघत नव्हतं, तरी हात लावला नाही. खाली वाकून बघितला फक्त. कडेला टिकावाचे तिरके घाव, बोटभर अंतरावर, एका लयीत. खाणीतल्या माणसाची सवय त्या घावांत राहिली होती. तो उजवखोरा होता एवढं मी छातीठोक सांगू शकते.

तिथून पश्चिमेला एक निळा सुळका दिसतो. खाओ थमोरत. 'थमो' म्हणजे ख्मेर भाषेत दगड आणि 'रत' म्हणजे रत्न. नगरापासून पंधरा किलोमीटरवर. प्रांगांची तोंडं पश्चिमेला का, ते इथे उभं राहिलं की समजतं. या डोंगरात वर एक गुहा आहे आणि गुहेत बुद्ध आणि बोधिसत्त्व कोरलेले होते. मूर्ती अजून आहेत, पण मुंडकी नाहीत. १९६० च्या सुमारास चोरांनी छिन्न्या लावून चेहरे कापून नेले. आम्ही वर गेलो नाही. माझे गुडघे आणि दुपारचे दोन. पण ते चेहरे मी नंतर बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहिले. त्यांतले काही जिम थॉम्पसन या अमेरिकन रेशीम व्यापाऱ्याच्या संग्रहात गेले होते, १९६२ साली सरकारनं ते ताब्यात घेतले. काचेमागे मिटलेल्या डोळ्यांचे चुनखडीचे चेहरे. मानेच्या जागी सपाट काप, करवतीनं फळी कापावी तसा.

त्याच संग्रहालयात सी थेपचा कृष्ण आहे. गोवर्धन उचललेला. म्हणजे उचललेला होता. हात तुटलाय आणि डोंगरही गेलाय. पण शरीर अजून त्या वजनाला उत्तर देतंय. कंबर एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला, पाठीत एक वेलांटी. सी थेपच्या शिल्पकारांची खासियत ही की मूर्तीला मागून आधार नाही. ख्मेर मूर्तींना बहुतेक वेळा मागे दगडी कमान ठेवत, हात मोडू नयेत म्हणून. यांनी ती काढून टाकली आणि त्रिभंगात वाकलेला देह मोकळा उभा केला. हे धाडस कुठल्या नमुन्यावरून आलं नाही. त्या कृष्णाच्या भोवती मी चार फेऱ्या मारल्या. मथुरेचा नाही, मामल्लपुरमचा नाही, पासाक नदीकाठच्या कोणा तरुण पोराचा देह आहे तो. ओठ जाड, गालफडं रुंद. चिंचवाल्या 'पा'च्या नातवासारखा.

सी थेपची बाकीची संपत्ती जगभर आहे. सूर्याची एक मूर्ती कॅलिफोर्नियात पासाडेनाला, विष्णूची सोन्याच्या पत्र्याची पट्टी क्लीव्हलंडला. खजिना होताच, लोकांचं काही चुकलं नव्हतं.

परत येताना चिंचेच्या पिशवीनं गाडी घमघमत होती. ती चिंच मी दोन दिवसांनी बांगड्याच्या तिखल्यात घातली आणि तिखल्याचा खेळखंडोबा झाला. गोड मासे. नवऱ्यानं मात्र दोनदा वाढून घेतले. साखर पट्ट्यातला माणूस.

संग्रहालय बघून आले त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि सगळे फोटो पाठवले. शिलालेख, कृष्ण, प्रांग, हसरा कीचक. बाबा ऐंशीच्या घरात आहेत, फोन नाकाला लावून बघतात. मी भववर्म्याबद्दल सांगायला लागले, त्यांनी हातानंच थांबवलं. खाओ ख्लांग नोकचा फोटो त्यांनी मोठा केला होता.

"चिरो भरलेलो असा काय पोकळ?"

म्हटलं, बाबा, मी हात नाही लावला.

"वाजवन बघूक होयो." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. फोटो इकडून तिकडे सरकवत होते. "गो, ह्या वयल्या कोपऱ्यात झाड रुजलासा. पिंपळ न्हय मां तो? आताच काढूक सांग तेंका. मागीर मुळां चिरे फोडतली."